चौथा खंड

तिसऱ्या सीझनमध्ये मी तीनदा मेलो.
दोनदा भाल्यानं, एकदा घोड्याखाली.
दिवसाला ऐंशी पौंड, वर गरम सूप,
आणि मेल्यावर हलायचं नाही, एवढीच अट.
लार्नच्या वरच्या अंगाला जी चुन्याची खाण बंद पडली,
तिथं बावीस वर्षं मी दगड फोडला होता.
तिलाच त्यांनी खिंड केली,
हिरव्या कापडाचं आभाळ लावलं
आणि म्हणाले, पलीकडे समुद्र आहे असं समजा.
पलीकडे समुद्र होताच.

माझ्या डावीकडे यूनन. माझा भाऊ.
शिरस्त्राण त्याला मोठं व्हायचं,
आत तो हसायचा आणि पत्रा वाजायचा.
एकदा त्या आवाजापायी दोनशे माणसं
पुन्हा पहिल्यापासून मेली.

मालिका संपली. आई गेली.
घराच्या वाटणीवरून आमचं बोलणं थांबलं.
आधी कोण थांबलं,
ते आता दोघांनाही सांगता यायचं नाही.

गुडघे गेल्यावर मी पुस्तकं धरली.
सात खंड, एकेक विटेएवढा.
एक गुरुवार आड वाचनालयाची गाडी येते,
चर्चच्या भिंतीला लागून उभी राहते.
ब्रोना म्हणते, "शेवट तर ठाऊक आहे ना तुम्हाला?"
ठाऊक आहे.
घरात आधी राहून झालं,
आता पाया कसा घातलाय ते बघायला खाली उतरलोय.

पाया वेगळाच निघाला.
राणी पुस्तकात साठीची, समोरचा दात पडलेली,
पण पान उलटलं की ती पडद्यावरची तरणीताठी
खुर्ची ओढून बसायची, हटायची नाही.
दीडशे पानं तिच्याशी भांडलो.
मग एका रात्री, वादळात, जहाजावर
म्हातारी ओकते
आणि खलाशाच्या बाहीला तोंड पुसते,
त्या ओळीवर ती तरुण बाई उठून गेली.
निरोपही न घेता.

पण मी शोधत होतो ती खिंड.
पडद्यावर तासभर चाललेली,
माझ्या बरगडीत अजून, थंडी पडली की, चालू असलेली.
चौथा खंड, पान सहाशे बारा:
राणी मटार सोलतेय. दारात दूत.
"खिंड पडली," तो म्हणतो.
ती विचारते, "जेवलास का?"
बस्स.
घोडा नाही. भाला नाही. मी नाही.
अकरा रात्री शूटिंग, तोंडात खरा चिखल,
आणि लिहिणाऱ्यानं दोन शब्दांत आम्हाला पुरून
मटार सोलायला घेतले.

राग आला. चहा केला, तोही कडू झाला.
परत येऊन बसलो तेव्हा दिसलं, समासात
पेन्सिलीची एक रेघ.
साधी नाही. रुंद, चपटी,
फळीवर खूण करताना सुतार ओढतो तशी,
शेवटाला किंचित डावीकडे वळलेली.

डावखुरा सुतार या किनाऱ्यावर काय एकच आहे?
असं मी स्वतःला सांगितलं.
तरी दिवा ओढून जवळ घेतला.
रेघेखाली, पुसट, दोनच खुणांचं काहीतरी:
"हॅ!"

पत्रा वाजायच्या आधी
अगदी असंच सुरू व्हायचं ते.

बराच वेळ पान उघडं ठेवून बसलो.
मग बॉलपेननं, वाचनालयाचं पुस्तक असूनही,
खाली लिहिलं: तीनदा.
वाचलेल्या खंडाकडे कोण कशाला परत वळेल,
हेही माहीत होतं.

गुरुवारी ब्रोनानं शिक्का मारला.
"पाचवा बाहेर आहे," ती म्हणाली,
"ज्याच्याकडे आहे तो फार सावकाश वाचतो.
सहावा देऊ? तुम्हाला काय, गोष्ट माहीतच आहे."
"नको. पाचवाच."
"महिने लागतील."
लागू देत, म्हटलं,
पडून राहायची मला सवय आहे.